‘मॅडम, अजून कोणी येणार आहे का?’

वाचकाचं पत्र:

ताई, मी 46 वर्षांची आहे. बँकेत अधिकारी आहे. बढतीबरोबर सांगलीहून मुंबईला बदली झाली. मिस्टर आणि सासूबाई सांगलीला, मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला. मी दादरला वन रूम किचन भाड्याने घेऊन राहते. सकाळी उठून डबा करते, पण फोर्टातून परत यायला रात्रीचे आठ-साडेआठ होतात. मग गॅस पेटवायचंही त्राण उरत नाही. चहा-खारी खाते, नाहीतर पार्सल मागवते आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच संपवते. गेल्या महिन्यात हिय्या करून एका हॉटेलात गेले. वेटरने विचारलं, ‘मॅडम, अजून कोणी येणार आहे का?’ नाही म्हटल्यावर त्याने मला हात धुवायच्या बेसिनजवळच्या टेबलावर बसवलं. सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटायला लागलं. डोसा खायला गेले होते, नुसता चहा पिऊन उठले. मिस्टरांना सांगितलं तर म्हणाले, ‘कशाला जातेस? घरी मागव.’ सासूबाई म्हणाल्या, एकटी बाई हॉटेलात बसलेली बरी दिसत नाही. मिस्टर रोज रात्री फोनवर विचारतात, ‘जेवलीस का?’ मी हो म्हणते. ताई, मला भूक लागते. गरम जेवावंसं वाटतं. एकटीने हॉटेलात बसून जेवण्यात काही चुकीचं आहे का? नसेल, तर मला ते जमत का नाही? आणि एकटीने खाण्यात मजा ती काय, असंही मनात येतं.

– एक वाचक, दादर

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. काहीही चुकीचं नाही. दिवसभर काम करून आलेल्या माणसाने पैसे देऊन, बसून, गरम जेवावं यात परवानगी मागण्यासारखं काही नाही.

पण तुमच्या पत्रातलं ‘मला भूक लागते’ हे वाक्य वाचून मी थांबले. सेहेचाळीस वर्षांच्या, बँकेत लोकांची कर्जं मंजूर करणाऱ्या बाईला हे वाक्य पत्रात, तेही इतक्या अजिजीने लिहावं लागतं, याचा मला त्रास झाला. म्हणून बाकीच्या गोष्टींआधी एक सांगते. ओट्यापाशी उभं राहून खाणं आजपासून बंद करा. पार्सल आणलंत तरी ताट घ्या, वाटी घ्या, खाली बसा. पाहुणी आली असती तर तिला असं डब्यातून उभ्याने खाऊ दिलं असतंत का? हॉटेलात जाण्याचं पुढे बघू, पण हे आज रात्रीपासून.

आता ‘बरं दिसत नाही’ याबद्दल. तुम्ही ज्या भागात राहता तिथली गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मुंबईत मराठी माणसाचं घराबाहेरचं जेवण सुरू झालं तेच मुळी एकट्या माणसांसाठी. कोकणातून, साताऱ्याकडून, कोल्हापूरकडून माणसं गिरणीत कामाला आली, बायकामुलं गावाला राहिली. परळ, लालबागच्या चाळींत दहा बाय दहाच्या खोलीत दहा-दहा जण पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला खाणावळीत जायचे. या खाणावळी बहुतेक बायकाच चालवायच्या, घरातच, महिन्याच्या बोलीवर. चपात्या लाटून लाटून त्यांचे खांदे निकामी व्हायचे आणि धान्य भरायला पैसे सावकाराकडून उचलावे लागायचे. 1975 साली प्रेमा पुरव यांनी याच खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तुमच्याच क्षेत्रातलं काम आहे, तुम्हाला त्याचं मोल माझ्यापेक्षा जास्त कळेल.

तेव्हा एकट्याने बाहेर जेवणं या शहराला नवीन नाही. गिरण्यांच्या काळापासून हजारो पुरुष असे जेवले आणि ‘बरं दिसत नाही’ असं त्यांना कोणी म्हटलं नाही. बाई त्या चित्रात होती, पण चुलीपाशी. ताटावर बसायची ती घरच्यांबरोबरच. जुन्या इराण्यांकडे आणि उडुप्यांकडे ‘फॅमिली रूम’ असायची. एखादा पोटमाळा नाहीतर कोपऱ्यात प्लायवूडचं पार्टिशन, त्याला तेलकट हातांनी कडेला काळपट झालेला पडदा, आत एक पंखा आणि दोन टेबलं. बाई बरोबर असली की वेटर न विचारता तिकडे बोट दाखवायचा. बाई येणार ती कुटुंबाबरोबर, आणि आली की तिला आडोसा हवा, हे गृहीतच होतं. पडदे बहुतेक ठिकाणचे गेले. तुमच्या सासूबाई मात्र त्या पडद्याच्या काळात वाढल्या. त्यांचं बोलणं दुष्टपणाचं नाही, त्यांनी कधी वेगळं पाहिलंच नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. पण त्यांच्या वाक्यावर तुमचं रात्रीचं जेवणही ठरवू नका.

‘सगळे माझ्याकडेच बघत होते’ असं तुम्ही लिहिलंय. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच भावनेवर प्रयोग केले, ते 2000 साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून माणसांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या निम्म्या लोकांनी तरी आपला टी-शर्ट पाहिला असणार, असा त्या बिचाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात पाहिला होता जेमतेम चौथाई लोकांनी. आपण स्वतःला जितके दिसतो तितके इतरांना दिसत नाही. रात्री साडेआठला दादरच्या हॉटेलात बसलेल्या माणसाला आपली ऑर्डर कुठे अडकली याची चिंता जास्त असते.

तरीही हा प्रयोग तुमच्यापुढे ठेवून मी मोकळी होणार नाही. आपल्याकडे एकट्या बाईकडे काही माणसं खरोखरच टक लावून बघतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. चौथाई तर चौथाई, त्यात एखादा असतोच. फक्त तो एक जण म्हणजे ‘सगळे’ नव्हेत. त्या एकाची सोय लावता येते. त्याच्याकडे पाठ होईल अशी खुर्ची घ्या. तरी त्रास वाटला तर गल्ल्यावरच्या माणसाला मोठ्या आवाजात सांगा, ‘मला दुसरं टेबल द्या.’ कारण सांगायची गरज नाही. मुंबईतला हॉटेलवाला गल्ल्यासमोर तमाशा होऊ देत नाही. आणि कोणी मागे येतंय असं वाटलं तर 112 हा मदतीचा नंबर आहेच, तिथे संकोच नको.

आता त्या वेटरकडे येऊ, कारण माझ्या मते तुमचा खरा अडसर तो आहे. त्याने विचारलेला प्रश्न तुमच्या मनाला लागला, पण तो प्रश्न टेबलाचा होता. रात्रीच्या गर्दीत त्याच्याकडे चार खुर्च्यांची टेबलं मोजकी असतात आणि दाराशी चौघांचं कुटुंब उभं असतं. एकट्या माणसाला कुठे बसवायचं हा हिशोब तो दिवसभर करतो, पुरुष आला तरी करतो. बेसिनजवळचं टेबल हे त्या हिशोबातलं सगळ्यात पडेल टेबल. काही न बोलता जो बसतो त्याला ते मिळतं. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून तुम्हाला मिळालं.

म्हणून त्याने विचारायच्या आत तुम्हीच सांगा. दारातून आत शिरताना, चालत चालत, ‘एकटीच आहे, तिकडे भिंतीला बसते.’ इतकंच. ‘चालेल का?’ असं शेपूट जोडू नका. पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे असलं की निम्मी अस्वस्थता तिथेच जाते, कारण मागे कोण आहे याची काळजी उरत नाही. बेसिनजवळच बसवायला लागला तर ‘इथे नको, पाच मिनिटं थांबते’ म्हणा आणि खरोखर थांबा. मी हे खूप जणींना सांगितलंय. थांबायची तयारी दाखवली की सहसा कुठलं तरी टेबल मोकळं होतंच.

जागा कोणती निवडता यावर मात्र बरंच अवलंबून आहे. तुमची पहिली वेळ फसली यात नवल नाही. साधारण फॅमिली हॉटेल, रात्रीची ऐन गर्दी. पोहायला शिकायचं आणि उडी थेट समुद्रात, असं झालं ते. सुरुवात अशा ठिकाणी करा जिथे एकटं येणं हीच रीत आहे. आणि तुमचं नशीब बघा, तुम्ही दादरला राहता. मध्य रेल्वेने एक स्टेशन पुढे गेलात की माटुंगा. स्टेशनजवळच ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942 सालचं. तिथे कूपन घ्यायचं आणि जागा मिळेल तिथे बसायचं. केळीचं पान मांडतात, वाढपी येतात, सांबार, रस्सम, भाजी, भात. शेजारी कोण बसलंय, कोणाबरोबर आलंय याची तिथे कोणी दखल घेत नाही. ती जागाच नोकरीसाठी घर सोडून आलेल्यांच्या पोटासाठी निघाली. तुम्ही अगदी त्याच गटातल्या आहात.

माटुंग्यातल्या उडुपी हॉटेलांत अनोळखी माणसांनी एकाच टेबलावर बसायची पद्धत जुनी आहे. कॅफे मद्राससारख्या ठिकाणी गर्दीच्या वेळी तुमच्या समोर कोणी येऊन बसलं तर दचकू नका. तो ‘बसू का?’ विचारेल, मान हलवा, आपलं खात राहा. बोलायची सक्ती नाही. गंमत अशी की अशा टेबलावर कोण एकटं आणि कोण बरोबरचं, हे बघणाऱ्याला कळतच नाही. शिवाजी पार्कच्या प्रकाशमध्येही साबुदाणा वडा आणि पीयूष घेऊन एकेकटी बसलेली माणसं तुम्हाला दिसतील, त्यात तुमच्या वयाच्या बायकाही असतात. फक्त शनिवार-रविवारी जेवणाची ऐन वेळ टाळा, तेव्हा सगळीकडे कुटुंबांची झुंबड असते आणि एकट्याला ताटकळावं लागतं.

पहिल्या वेळेला जेवायला जाऊच नका. सुट्टीच्या कुठल्याही दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला जा. तेव्हा टेबलं रिकामी असतात, वेटर निवांत असतात. इडली-वडा आणि फिल्टर कॉफी घ्या. कॉफी पितळेच्या किंवा स्टीलच्या पेल्यात, खाली खोलगट वाटी. पेल्यातली कॉफी वाटीत ओतायची, परत पेल्यात, फेस येईपर्यंत. हाताला काम मिळतं आणि हाताला काम असलं की डोळे इकडेतिकडे धावत नाहीत. दोन-तीनदा असं झालं की मग संध्याकाळी जा. ऑफिसमधून निघायला जमलं तर सातच्या आत पोचा, रात्रीची गर्दी त्यानंतर सुरू होते.

काय मागवायचं, याचाही विचार करून ठेवा. एकट्या माणसाला थाळीसारखं सोयीचं काही नाही. सगळं थोडं थोडं येतं, मेनूकार्ड उघडून बसावं लागत नाही. लिमिटेड थाळी घ्या, अनलिमिटेडचे पैसे रात्री तुमच्याने वसूल होणार नाहीत. पंजाबी भाज्यांची एक प्लेट दोघा-तिघांना पुरेल एवढी असते, ती मागवून एकटीने संपवायच्या फंदात पडू नका. हाफ मिळते का विचारा. नाही मिळाली आणि तीच खायची असेल, तर आधीच सांगा, ‘उरलेली बांधून द्या.’ दुसऱ्या दिवशीच्या डब्याचं काम होतं.

एक अगदी बारीक गोष्ट, पण एकट्याने जेवणाऱ्या प्रत्येकीला ती अडते. मध्येच उठावं लागलं तर? हात धुवायला किंवा बाथरूमला गेलात आणि परत आलात की ताट उचललेलं, टेबल पुसलेलं, कधी तर दुसरंच कोणी बसलेलं. म्हणून उठताना वेटरला नजरेत पकडून सांगा, ‘मी येतेय, ताट ठेवा.’ पर्स बरोबर न्या. खुर्चीवर ओढणी किंवा पाण्याची बाटली ठेवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे ऑर्डर देण्याआधीच जाऊन या.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावलेला दिसला तर तो देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसं सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलंय. एकटी आहे म्हणून गप्प बसून भरू नका. वेटरने नीट वाढलं असेल तर त्याच्या हातात वेगळे पैसे द्या, ते योग्य ठिकाणी जातात.

आता मजेचा प्रश्न. एकटीने खाण्यात मजा ती काय, असं तुम्हाला आत्ता वाटतंय, आणि ते तुम्ही जेवून बघण्याआधी वाटतंय, हे ध्यानात घ्या. रेबेका रॅटनर आणि रेबेका हॅमिल्टन या दोन अमेरिकी प्राध्यापिकांचं याच विषयावर संशोधन आहे, 2015 सालचं. एका प्रयोगात त्यांनी लोकांना छोटं कलादालन बघायला पाठवलं, काहींना एकटं, काहींना सोबतीने. एकट्यांना आधी वाटलं होतं की आपल्याला फारसं आवडणार नाही. बघून आल्यावर त्यांचा आनंद सोबतीने गेलेल्यांइतकाच निघाला. चुकला होता तो आधीचा अंदाज. एकटं जाताना हातात काही वाचायला, करायला असलं की लोकांना जायला कमी संकोच वाटतो, असंही त्यांना आढळलं. म्हणून वर्तमानपत्राची पुरवणी किंवा पुस्तक घेऊन जायला हरकत नाही. फोनही चालेल, पण तो ताट येईपर्यंतच. ताट आलं की फोन पर्समध्ये. नाहीतर रस्सम प्यायलात की सांबार, हे घरी गेल्यावर आठवायचं नाही. एवढा खटाटोप त्या गरम घासासाठी आहे, तर घासाकडे लक्ष हवं.

मिस्टरांचं ‘घरी मागव’ काळजीतून आलंय, पण त्यात पैशाचाही गैरसमज असावा. ॲपवरून मागवलेल्या जेवणावर पॅकिंगचे, डिलिव्हरीचे, प्लॅटफॉर्मचे पैसे चढतात. डोसा घरी येईपर्यंत त्याची कातडी झालेली असते. तोच डोसा हॉटेलात बसून तव्यावरून थेट तुमच्यापुढे येतो, बहुतेक वेळा कमी पैशांत. हा हिशोब बँकेतल्या माणसाला मी काय सांगायचा.

आणि फोनवरचं ते रोजचं ‘हो’ थांबवा. त्यांना वाटतंय की बायको नीट जेवतेय आणि हॉटेल ही तिची हौस आहे. तुम्ही खारी बुडवून झोपता हे त्यांना माहीतच नाही. मग त्यांनी सल्ला तरी कुठल्या आधारावर द्यायचा? आज विचारलं की सांगा, ‘नाही जेवले. गेले कित्येक दिवस रात्री धड जेवत नाहीये.’ तक्रारीच्या सुरात नको, नुसती माहिती म्हणून सांगा. माझी खात्री आहे, पुढचा प्रश्न ते वेगळा विचारतील. सासूबाईंनाही हेच सांगा. सून उपाशी झोपते हे ऐकून ‘बरं दिसत नाही’ म्हणणारी सासू सांगलीत सापडणं मला तरी कठीण वाटतं.

एक शंका मात्र विचारते, कारण ती तुमच्या पत्राच्या कडेला आहे. भुकेबरोबर घराची आठवणही असेल, रिकाम्या खोलीचा कंटाळाही असेल. त्यावर हॉटेल हा उपाय नाही. तिथे पोट भरेल, दिवसभराची दमणूक उतरेल, चार माणसांचा आवाज कानावर पडेल. सांगलीच्या घराची उणीव त्याने भरून निघणार नाही आणि ती निघावी अशी अपेक्षा ठेवून गेलात तर ताटावर बसून रडू येईल. त्यासाठी बँकेतली एखादी जोडीदारीण शोधा, तुमच्यासारखीच बदलीवर आलेली. अशा जणी प्रत्येक शाखेत असतात. कधी तिच्याबरोबर जा, कधी एकट्या. पण ती येत नाही म्हणून त्या रात्री उपाशी राहायचं नाही.

हे सगळं अंगवळणी पडलं की एक दिवस मासे खायला जा. दादर-परळ भागात मालवणी खानावळींना तोटा नाही, तुमच्या शाखेतला कुठलाही कोकणी माणूस तुम्हाला हक्काने पत्ता सांगेल. बांगड्याची थाळी मागवा, तळलेला बांगडा, तिखलं, भाकरी किंवा वडे, सोलकढी. बांगड्याच्या मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंनी मांस अलगद सोडवायला बोटं लागतात आणि सगळं लक्ष लागतं, आजूबाजूला कोण बसलंय हे बघायला सवड राहत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी जा. बाराच्या आधी पोचा, एकनंतर बाहेर रांग लागते आणि सुरमई संपलेली असते.